मेणावरचं कुंकू

बेदाणा निवडायला बसणारी बाई डोळ्याच्या कोपऱ्यातून काजळाची शेपटी ओढून, पुढचे केस फुगवून आणि फुग्याच्या बाह्यांचा ब्लाऊज घालून कामावर येते, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी सांगणाऱ्याला वेड्यात काढलं असतं. पण नोकरीच्या पहिल्याच सकाळी तासगावजवळच्या आमच्या युनिटच्या फाटकात टेम्पो थांबला, बायका एकमेकींना ढकलत खाली उतरल्या आणि सगळ्यांत शेवटी, कुणाचा हात न धरता, त्या उतरल्या. काळ्या नायलॉनच्या साडीवर रुपयाएवढे पांढरे ठिपके, डोळ्यांवर अर्धा चेहरा झाकणारा गॉगल, हातात चापाची पर्स. कपाळावर कंपासनं आखावं तसं गोल, ठसठशीत कुंकू. डाव्या गालावर एक तीळ.

मी तेव्हा नुकतीच बीएस्सी होऊन वाईहून तिथं क्वालिटीच्या कामावर रुजू झाले होते. वय तेवीस, अनुभव शून्य, गळ्यात ओळखपत्र. मला वाटलं, मालकांची कुणी बहीण-मेहुणी आली असावी. मी खुर्चीतून उठून नमस्कार केला. त्यांनीही गॉगल काढून मला रीतसर नमस्कार केला, मग पिशवीतून नवऱ्याचा जुना फुल शर्ट काढला, तो साडीवर चढवला, डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि निवडणीच्या पट्ट्याच्या टोकाला जाऊन काड्या वेचायला बसल्या. बायका मला बघून इतक्या हसल्या की पट्टा चालू करायचा राहिला.

तो शर्टसुद्धा मी नंतर नीट पाहिला. बाकीच्या बायकाही बेदाण्याच्या चिकट्यापासून साडी वाचवायला नवऱ्याचेच शर्ट घालायच्या; कुणाचं बटण तुटलेलं, कुणाचा खिसा उसवलेला. यांच्या शर्टाच्या कॉलरला इस्त्री होती.

शेडवर त्यांना तोंडावर सगळे 'आक्का' म्हणत आणि पाठीमागे 'हिरॉईन'. आक्कांना दोन्ही माहीत होतं. "आक्का थोरलीला म्हणत्यात आन हिरॉईन देखणीला," त्या म्हणायच्या, "दोन्हीत वाईट काय हाय?" वय पंचेचाळीसच्या आसपास. माहेर वडूजकडचं, मेंढरांमागं हिंडणाऱ्या घरातलं. नवरा द्राक्षबागांतून ट्रॅक्टर चालवायचा. अतिशय अबोल माणूस. एवढी नटणारी बायको त्याला कशी वाटते, हे मी तीन हंगामांत त्याच्याकडून काढून घेऊ शकले नाही. एकदाच म्हणाला, "टेम्पोतनं उतरली की लांबनं वळखू येती." मला वाटतं, त्याच्या मानानं हे भाषणच होतं.

गालावरचा तीळ दुसऱ्या दिवशी उजवीकडे होता. तिसऱ्या दिवशी हनुवटीवर. बायका टेम्पोत पैजा लावायच्या, आज तीळ कुठं असेल म्हणून. मी एकदा धीर करून विचारलं की हा असा का फिरतो. आक्का शांतपणे म्हणाल्या, "त्येचं काम माझ्याकडं न्हाई." याचा अर्थ मला पुढे चार महिन्यांनी कळला.

जेवणाच्या सुट्टीत, भाकरी खाऊन झाली की, त्यांच्याभोवती एक छोटी शाळा भरायची. तरण्या पोरींना मोबाईलवर बघून बघून सगळं लावायचं असे: पापण्यांवर चमक, गालांवर लाली, ओठांवर विटकरी. आक्का त्यांच्याकडे अशा बघायच्या, जसा खवय्या बिघडलेल्या आमटीकडे बघतो. "डोळं बोलत असतील तर ओठांनी गप बसावं," त्या सांगायच्या. "दोघं एकदम बोलाय लागली की भांडाण दिसतंय." स्वतः लिपस्टिकला करंगळी टेकवायच्या, करंगळी ओठाला टेकवायच्या आणि लगेच रुमालानं टिपायच्या. एक कांडी वर्षभर पुरायची. "लावलंय म्हणून दिसलं, तर ते लावल्यालं. न दिसता शोभलं, तर ते आपलं."

काजळ घरचं, एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं. पावडर ओल्या फडक्यावर घेऊन दाबून बसवायची, फुंकरीनं उडवायची नाही. केसांना पुढून उलटा कंगवा मारून फुगा, मागे घट्ट आंबाडा, आणि त्यात फूल एकच. तेही डाव्या बाजूला, कारण पट्ट्यावर त्यांची डावी बाजू दाराकडे असे. "येणाऱ्याला आधी फूल दिसावं, मग मी."

आणि हे सगळं सणावारी नाही, रोज. यावरून त्यांना चिडवलं की त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "सणादिवशी समदीच नटत्यात. त्यात काय मर्दुमकी? बुधवारी नटून दावा."

माझ्यावर त्यांचा राग नव्हता, पण माझ्या कपड्यांवर होता. मी जीन्स आणि ढगळ कुर्ता घालून जायचे. रंग कुठलाही असला तरी तो धुऊन धुऊन राखाडीकडे वळलेला. एक दिवस फाटकातच मला थांबवून त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं आणि अगदी काळजीनं विचारलं, "मॅडम, घरी समदं बरं हाय न्हवं?"

त्यांचा एक नियम होता: अंगावर एक तरी वस्तू आपल्यापेक्षा वयानं मोठी पाहिजे. "घरात थोरलं माणूस असलं की आपण नीट वागतो का न्हाई? तसंच हाय त्ये. अंगावर थोरलं काय तरी असलं की चाल सुदरती." मी म्हणाले, माझ्याकडे असलं काही नाही. "आईची पिन तर असंल की." सुट्टीला वाईला गेले तेव्हा आईच्या कपाटातून तिची कॉलेजमधली साडीपिन शोधून आणली, मोराची, एक खडा पडलेली. ती ओढणीला लावून कामावर आले. आक्कांनी पट्ट्याच्या टोकावरून पाहिलं आणि नुसता एक हात वर केला. खरं सांगते, बीएस्सीच्या निकालाला मला एवढा आनंद झाला नव्हता. आणि चालसुद्धा बदलली होती, निदान मला तसं वाटत होतं.

फक्त माझ्या टिकलीशी त्यांचं कधीच जमलं नाही. मी मखमली टिकली लावायचे. मरून रंगाची, कडेला बारीक सोनेरी रेघ. रात्री काढायची, न्हाणीच्या आरशाला चिकटवायची, सकाळी आरशावरून परत कपाळावर. एका टिकलीत दहा-बारा दिवस सहज निघायचे. आपल्याकडे कुठल्याही घरचा आरसा म्हणजे टिकल्यांचं वसतिगृहच असतं. त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं. आक्का मात्र एकदा माझ्या कपाळाकडे बघून म्हणाल्या, "हिचा डिंक कवाच मेलाय, मॅडम. ही निस्ती घामावर बसलीया."

त्यांचं स्वतःचं कुंकू मेणावरचं. आधी मधमाशांच्या मेणाचं बोट कपाळावर गोल फिरवायचं, त्यावर कोरडं कुंकू दाबायचं, कडा फडक्यानं टिपायची. ते दिवसभर हलत नसे. संध्याकाळी तेल लावल्याशिवाय निघत नसे. हे सगळं मला माहीत होतं, हे लक्षात ठेवा. पुढं ते महत्त्वाचं आहे.

त्या नटव्या होत्या म्हणून कामात हयगय करत असतील, असं ज्यांना वाटे ते पहिल्या आठवड्यातच गप्प होत. पट्ट्यावरून बेदाणा वाहत येतो, बायका दोन्ही बाजूंना बसून काडी, डेख म्हणजे दाण्याला राहिलेला देठ, काळा दाणा वेचतात, आणि पट्ट्याच्या टोकाला जी बसते तिच्या नजरेतून सुटलं ते थेट बॉक्समध्ये जातं. ती जागा आक्कांची होती. हिरव्यात पिवळा, पिवळ्यात तांबूस, त्यांना लांबून दिसे. "आठ वर्सं साडीला ब्लाऊज जुळवतीया," त्या म्हणायच्या, "दाण्याला दाणा जुळवायला काय लागतंय?"

मालकांनाही त्यांनी सोडलं नव्हतं. नव्या बॉक्सवर स्वतःचा फोटो छापायची मालकांना हौस आली. सांगलीहून फोटोग्राफर आला. मालक चकचकीत निळा कोट घालून बेदाण्याच्या ढिगापुढं उभे राहिले. आक्का काड्या वेचता वेचता म्हणाल्या, "मालक, ह्या कोटात तुमी मांडववाल्यावानी दिसताय." मालक लाल झाले. पण फोटोग्राफर हसला, आणि मग आक्कांनीच सुचवलं की थोरल्या मालकांचं काळं जाकीट घरी असेल तर आणा. मालक धुसफुसत घरी गेले आणि वडलांचं जाकीट घालून आले. तो फोटो अजून बॉक्सवर आहे. त्यात मालक खानदानी बागायतदार दिसतात. त्यांनी आक्कांना याबद्दल कधी एक शब्द बोलून दाखवला नाही, पण तो निळा कोट पुन्हा कुणाला दिसला नाही.

एका रविवारी आक्कांनी मला घरी बोलावलं. "सासूबाईस्नी तुमाला बघायचंय." दोन खोल्यांचं स्लॅबचं घर, दारात शेवगा. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, पांढऱ्या फटफटीत साडीत, बारक्या अंगाच्या. कपाळ मोकळं. त्यांनी मला जवळ बसवलं, ओढणीवरची पिन बोटांनी चाचपली आणि म्हणाल्या, "खडा पडलाय. पण पिन चांगली हाय."

मग त्यांनी सुनेला ट्रंक उघडायला लावली, आणि सगळा उलगडा झाला. सासरे पलटणीत होते. लग्नानंतर चार-पाच वर्षं या बाई त्यांच्याबरोबर अंबाल्याला, जबलपूरला राहिलेल्या. क्वार्टर्समध्ये शेजारी एक पंजाबीण, एक बंगालीण. एकीनं डोळ्याला शेपटी काढायला शिकवली, एकीनं केसांना फुगा. ठिपक्यांच्या साड्या, बाह्यांना फुगे असलेले ब्लाऊज, गॉगल, पर्स सगळं तिकडचं. मग सासऱ्यांची बदली लांब सरहद्दीवर झाली आणि या गावी परत आल्या.

"पयल्या दिशी ही ठिपक्यांची नेसून पाण्याला गेले," सासूबाई सांगत होत्या. "दुपारपत्तुर निम्मं गाव बघाय आलं. माझी सासू म्हणली, ही बाई हाय का सर्कस. तवा घडी घातली ती घातली." त्यांनी साडीची घडी बोटांनी सारखी केली. "पुढं आमचं मालकच गेलं. मग कसलं नेसायचं?"

मी विचारलं, "मग आक्कांना कुणी शिकवलं?"

"मीच की. रोज सकाळी सातला ती हितं म्होरं बसती. काजळ म्या घालते, कुंकू म्या लावते. तीळ कुठं द्यायचा त्ये माझ्या मर्जीवर."

"आणि आरसा?" घरात आरसा होता, भिंतीवर लावलेला. आक्का चहाचे कप ठेवत म्हणाल्या, "हाय की आरसा. पर आरशाला हात न्हाईत."

निघताना आक्का शेवग्यापर्यंत आल्या आणि आवाज खाली करून म्हणाल्या, "कुंकवाचं भाईर बोलू नका, मॅडम. आमी दार लोटून घेतो. त्यांच्या हातचं कुंकू मी लावती म्हणल्यावर लोकांस्नी लय कळाय लागतंय." मी मान हलवली. विधवेनं सवाष्णीच्या कपाळाला हात लावू नये, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या वाईतही मावशीला हळदीकुंकवाच्या दिवशी आतल्या खोलीत बसलेलं मी पाहिलं आहे. रस्ताभर माझ्या डोळ्यांसमोर ती बारकी म्हातारी होती, जिची हौस रोज सकाळी टेम्पोत बसून कामावर जात होती.

मग परदेशी पाठवायच्या मालाची ऑर्डर आली आणि तिच्याबरोबर नियमांची यादी आली. शेडमध्ये टिकली नाही, कुंकू नाही, फूल नाही, बांगडी नाही, नखांना रंग नाही, डोक्यावर कागदी टोपी. यादी वाचून दाखवायचं काम माझं. बायकांनी बराच गोंधळ घातला. मंगळसूत्र शर्टाच्या आत घालायचं, वरचं बटण लावायचं, यावर तडजोड झाली. बांगड्यांवर कापडाची पट्टी. टिकल्यांचं त्यांनीच ठरवलं: फाटकाजवळच्या शेडच्या पत्र्यावर सकाळी जाताना टिकली चिकटवायची आणि संध्याकाळी आपली आपली ओळखून परत लावायची. वीस-बावीस टिकल्यांचा तो पत्रा उन्हात चमकायचा. कुणीही कुणाची टिकली चुकून लावली नाही.

आक्का फूल काढायला तयार झाल्या. कुंकू काढायला नाही. "ते पडत न्हाई, मालक. पडत्यात त्या टिकल्या." मालक ऐकेनात, तेव्हा त्यांनी माझा पांढरा रुमाल मागून घेतला, पाण्यात भिजवला आणि सगळ्यांसमोर स्वतःच्या कपाळावर खसाखसा घासला. रुमालाला लालसर छटा आली, पण कुंकू जागच्या जागी. कण सुटला नाही. मालकांनी रुमाल उलटसुलट करून बघितला. "टोपी कुंकवाच्या खालपत्तुर ओढायची," ते शेवटी म्हणाले, "आन आक्का, एक सांगून ठेवतो. मालात असलं काय बी सापडलं, तर पयला जाब तुमाला. तुमी शेडच्या भाईर."

"चाललं," आक्का म्हणाल्या. त्यांच्या एका शब्दावर सासूबाईंची सकाळ वाचली, हे शेडमध्ये फक्त मला कळत होतं.

आणि मी, जिनं ती यादी मोठ्यानं वाचली होती, ती मात्र टिकली लावूनच हिंडत होते. मी काही पट्ट्यावर बसत नव्हते. मी मॅडम होते. टोपी कधी घालायचे, कधी हातात धरायचे.

पंधरवड्यात ते घडलं. सांगलीला दलालाकडे नमुन्याचा बॉक्स गेला होता. त्यानं तो उघडला आणि मालकांच्या मोबाईलवर फोटो पाठवला. मालक पट्टा बंद करून मधोमध उभे राहिले आणि फोटो आक्कांच्या डोळ्यांपुढं धरला. "ह्ये काय हाय? बाकीच्यांच्या टिकल्या पत्र्यावर हाईत, मोजून बघा. आत काय तरी लावून येणाऱ्या तुमी एकट्याच."

मी जवळ गेले. फोटोत पिवळ्या बेदाण्यावर एक टिकली होती. मरून. कडेला बारीक सोनेरी रेघ. चार दिवसांपूर्वी ती माझ्या कपाळावरून गेली होती आणि मला वाटलं होतं, तोंड धुताना मोरीत वाहून गेली. मी दुसरी लावली होती.

आक्कांनी फोटो बघितला. मग मान वळवून माझ्या कपाळाकडे बघितलं. फक्त एकदा. तिथं तसलीच, त्याच पाकिटातली टिकली होती. मालकांना मखमल आणि मेण यातला फरक कळत नव्हता. मला कळत होता. एक वाक्य बोलायचं होतं: आक्का टिकली लावतच नाहीत. ते माझ्या ओठांपर्यंत आलं आणि थांबलं. माझी नोकरी कच्ची होती, वाईला सगळ्यांना मी पेढे वाटले होते, मालकांचा चेहरा भयंकर दिसत होता. मी गप्प राहिले. याची लाज मला आज, हे लिहितानाही वाटते.

"बरं," आक्का म्हणाल्या. शर्ट काढला, त्याची नीट घडी घातली, पर्सचा चाप लावला, गॉगल घातला आणि फाटकातून चालत गेल्या. टेम्पोची वाट बघितली नाही.

दुसऱ्या दिवशी टोकाची जागा रिकामी होती. तिथं दुसरीला बसवलं, तर बॉक्समध्ये काड्याच काड्या. टेम्पोत पैज नव्हती. मी टिकली लावली नाही आणि कुणाच्या नजरेला नजर दिली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायच्या आधी मी त्यांच्या गावी गेले.

आक्का अंगणात धुणं वाळत घालत होत्या. केसांना फुगा, डोळ्याला शेपटी, कपाळावर कुंकू, अंगावर निळ्या फुलांची वॉयल. मी बघतच राहिले तशा म्हणाल्या, "काम न्हाई म्हणून नटायचं न्हाई, असं कुटं हाय?"

मी सगळं बोलले. रडले पण. त्यांनी शेवटचा टॉवेल झटकून दोरीवर टाकला.

"तुम्ही तेव्हाच ओळखलं होतं. मग बोलला का नाही?"

"मी म्हणले असते की माझी न्हाई, तर मालकांनी काय केलं असतं? मग कुणाची, म्हणून एकेकीला हुबं करून टोप्या काढाय लावल्या असत्या. त्यात तीन जणी अशा हाईत की ज्यांच्या कपाळाला कायच न्हाई. त्यांची कपाळं समद्यांम्होरं कशापायी उघडी करायची? एकीवर निभावलं." मग माझ्याकडे वळून, पहिल्यांदाच जरा कडक आवाजात म्हणाल्या, "तुमच्यासाठी न्हाई गप बसले. तुमी बोलाल, असं वाटलं हुतं. एक दीस वाट बघितली. तुमी दोन लावलं."

आत सासूबाई बसल्या होत्या. त्यांच्या पुढ्यात मेणाची डबी. त्यांनी मला काही विचारलं नाही आणि बसही म्हणाल्या नाहीत.

मी युनिटवर आले, मालकांना केबिनमधून बाहेर बोलावलं आणि पट्ट्यापाशी, सगळ्या बायकांसमोर सांगितलं की ती टिकली माझी होती आणि मी गप्प बसले. मालक आरडाओरडा करतील असं वाटलं होतं. ते हळू आवाजात एवढंच म्हणाले, "मॅडम, यादी तर तुमीच वाचली हुती." माझी कच्ची नोकरी आणखी सहा महिने कच्ची ठेवली. कमीच शिक्षा झाली, असं मला वाटलं. एकही बाई मला वाईट बोलली नाही, ते जास्त लागलं.

मालकांनी आक्कांना आणायला टेम्पो पाठवला. टेम्पो रिकामा परत आला. मग ते स्वतः गेले. त्यांचं काय बोलणं झालं ते मालकांनीच नंतर जरा चक्रावून सांगितलं. आक्कांनी माफी मागितली नाही, मागायला लावली नाही. दोनच गोष्टी मागितल्या. एक, शेडच्या दाराशी आरसा. "आत शिरायच्या आदी बाईला आपलं त्वांड बघता आलं पायजे. काय ढिलं झालंय त्ये तिचं तिला दिसंल. तुमी बघायची गरज न्हाई." आणि दुसरी, त्या आरशाला पहिलं कुंकू सासूबाई लावतील.

"आवं, पर त्या..." मालक म्हणाले असणार, कारण ते मला सांगतानाही तिथंच अडखळले. नव्या वस्तूला हळदीकुंकू वाहायचं ते सवाष्णीनं, आणि मालकीणबाई त्यासाठी तयारच होत्या. पण परदेशी माल अडला होता आणि टोकाच्या जागेवर बसणारी दुसरी बाई तासगाव तालुक्यात नव्हती.

पुढच्या बुधवारी टेम्पो आला. आक्का शेवटी उतरल्या. मग मागे वळून त्यांनी हात पुढे केला आणि सासूबाईंना खाली घेतलं. पांढरी साडी, हातात मेणाची डबी, डोळ्यांवर तो मोठा गॉगल. बायका हसल्या नाहीत. थोडी कुजबुज झाली, मालकीणबाईंनी तबक हातात घट्ट धरलं, मग काय वाटलं कुणास ठाऊक, एक पाऊल मागे सरकल्या.

माणूसभर उंचीचा आरसा दाराशेजारी टांगला होता. सासूबाईंनी गॉगल काढून सुनेकडे दिला. आरशात स्वतःला पाहिलं. किती वर्षांनी, मला माहीत नाही. बराच वेळ पाहिलं. मग मेणाचं बोट काचेवर गोल फिरवलं, त्यावर चिमटीनं कुंकू दाबलं आणि पदरानं कडा टिपली. हात काढला तेव्हा आमच्या सगळ्यांच्या लक्षात आलं की त्यांनी ते काचेवर बरोबर तिथं लावलं होतं, जिथं त्यांचं स्वतःचं कपाळ दिसत होतं.

त्या हलल्या नाहीत. आक्का मागून म्हणाल्या, "जरा डावीकडं असतं तर बरं दिसलं असतं."

"गप," सासूबाई म्हणाल्या. "बराबर बसलंय."

मी आता सांगलीला एका प्रयोगशाळेत काम करते. अंगावर आईची पिन असते आणि बुधवारी मी नेमानं नटते. पण त्या युनिटवर मी आणखी दोन हंगाम होते, आणि तो आरसा रोज ओलांडायचे. काचेवरचं कुंकू कुणी पुसलं नाही. फिकं झालं की आक्का त्यावर मेणाचं बोट फिरवून चिमूटभर कुंकू दाबायच्या. प्रत्येक बाई आत शिरण्याआधी तिथं क्षणभर थांबायची आणि थोडी वर-खाली होऊन आपलं कपाळ त्या ठिपक्याशी जुळवून बघायची. ज्यांच्या कपाळाला काही नव्हतं, त्या तिघी जरा जास्त वेळ थांबायच्या. सासूबाई अगदी ठेंगण्या होत्या. त्यांच्या उंचीच्या कुंकवाखाली आपलं कपाळ आणायचं, तर मला गुडघ्यांत वाकावं लागायचं. मी रोज वाकायचे.